२२ फुटी होडीवर दोघांचा मुक्काम : हंगामभराच्या वापरानंतर

दसऱ्यानंतर मे संपेपर्यंत, सुट्टी मिळेल तशी, मी आणि हे कोल्हापूरहून दाजीपूरमार्गे फोंडाघाट उतरून देवगडला जायचो. तिथून पुढे जेवणखाण, झोप सगळं होडीवर. विजयदुर्ग ते देवबाग एवढा पट्टा फिरलो. अशी होडी घेऊ पाहणाऱ्या जोडप्यांसाठी सविस्तर लिहिते आहे.

होडी फायबरची, एका शिडाची, मागे ९.९ अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. केबिनमध्ये दोघं पाय पसरून झोपतात. पण तिची खरी जमेची बाजू तिचा तळ आहे. तळाखाली पाण्यात उतरणारी मधली पाती वर ओढली की ती दोन फूट पाण्यातही तरंगते. आपल्याकडे मुक्काम करायचा तो खाडीत, आणि बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळू साचलेली असते. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी ओहोटीला त्या वाळूवर लाटा फुटताना दिसतात. तेव्हा बाहेर थांबायचं आणि चढत्या भरतीला आत शिरायचं. भरतीची वेळ काढायला देवगडच्या एका तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख) शिकवलेला हिशेब रोज उपयोगी पडला : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, दिवसातून दोनदा. नेमक्या वेळेसाठी कोष्टक बघावंच लागतं, पण कोल्हापुरातून किती वाजता निघायचं हे आम्ही दिनदर्शिका बघूनच ठरवायला लागलो.

नांगरावर मात्र पैसे वाचवू नका. होडीबरोबर मिळालेला हलका होता. तो बदलून जड घेतला, त्याला १० मीटर साखळी जोडली. दोर किती सोडायचा ते भरतीच्या पाण्यावरून ठरतं. ओहोटीला ३ मीटर खोली असेल तर उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी आणखी दोनेक मीटर चढतं, त्यात नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची मीटरभर धरा. झाले ६. त्याच्या निदान पाचपट, म्हणजे ३० मीटर. खाडीतला प्रवाह उलटला की होडी तोंड फिरवते, आणि नांगर सुटला तर बहुधा त्याच वेळी सुटतो. म्हणून मध्यरात्र असली तरी हे उठून पुढे जातात आणि ताणलेल्या दोरावर हात ठेवतात. नांगर रुतलेला असेल तर दोर नुसता ताठ लागतो; तळावरून घसरत असेल तर हाताला बारीक थरथर जाणवते. मी तोवर किनाऱ्यावरचा दिवा आणि त्यामागचा माड एका रेषेत आहेत का ते बघते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, झोप शांत लागते.

प्रवास पहाटेचाच करा. जमिनीकडून मतलई वाहत असते, किनाऱ्यालगत समुद्र सपाट असतो आणि होडी शिडावर सुरेख पळते. दुपारी वायव्येचा खारा वारा जोर धरायच्या आत मुक्कामाला पोचायचं. असं केलं की पेट्रोल फार जळत नाही. इंजिन सुरू केल्या केल्या थंडाव्याच्या पाण्याची धार नीट पडते का बघा, आणि परतल्यावर गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय ते सोडू नका.

बायकांनी आधी शौचालयाचं विचारावं. आमच्या होडीत हलवता येणारं आहे, टाकी किनाऱ्यावर नेऊन रिकामी करावी लागते. दोघांना दोन दिवस ठीक, त्याहून जास्त नाही. स्वयंपाक एका शेगडीवर. रश्श्याचा हट्ट हलत्या होडीत सोडावा लागतो. भाकरी, ठेचा, दही-भात यावर छान भागतं. भडंग मात्र खाऱ्या हवेत तासाभरात मऊ पडतं, डबा घट्ट झाकणाचाच न्या.

केबिनवरच्या पुढच्या झडपेचं (उघडझाप करायच्या झाकणाचं) रबर दोन महिन्यांत गेलं आणि अंथरुण भिजलं. बनवणाऱ्यांनी फोनवर नुसती टोलवाटोलवी केली, शेवटी रबर आम्हीच बसवलं. लाइफ जॅकेट अंगावरच ठेवा. व्हीएचएफ (बिनतारी रेडिओ संच) असेल तर १६ नंबरचा चॅनल चालू हवा, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर दोघांच्याही मोबाईलमध्ये हवा.

पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर चढवून झाकावी लागते, तो खर्च किमतीत धरा. आणि विकत घेण्याआधी मालकाला सांगून पौर्णिमेच्या आसपास एक रात्र खाडीत नांगरावर काढा, दोघांनीही.