हलकं विमान की सेसना? दर विचारण्याआधी उतरणं बघा

बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी आणि सोबत वडील, असे लोक वैमानिक प्रशिक्षणाची चौकशी करायला जातात तेव्हा पहिला प्रश्न तासाच्या दराचा असतो. लातूरच्या क्लासच्या फिया भरून आलेल्या घरात तो पहिला येणारच. पण शिकण्यासाठी सेसना, म्हणजे अमेरिकी कंपनीचं नेहमीचं प्रशिक्षण विमान, घ्यायचं की लाइट स्पोर्ट प्रकारातलं हलकं विमान, हे ठरवताना दराच्या आधी एक गोष्ट बघायला हवी: जमीन दहा फुटांवर आली की विमान कसं वागतं.

अमेरिकेत २००४ साली ठरलेल्या मूळ व्याख्येनुसार लाइट स्पोर्ट म्हणजे दोन आसनं, एक इंजिन आणि जास्तीत जास्त ६०० किलो वजन. फ्लाइट डिझाइनचं सीटीएलएस हे त्याचं ठळक उदाहरण. एनसीसीच्या हवाई शाखेतल्या मुलांना पिपिस्ट्रेलचं व्हायरस एसडब्ल्यू ८० ऐकून माहीत असेल; भारताने २०१५ मध्ये अशा १९४ विमानांचा करार केला होता. दुसऱ्या बाजूला सेसना १५२ भरल्या वजनाला ७५७ किलोचं आणि १७२ एस ११५७ किलोचं.

वजनातला हा फरक उतरताना अंगावर येतो. सेसना १७२ जड आहे आणि हवेला भरपूर अडवतं. थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) ओढलात की ते मुकाट्याने खाली येतं, आणि वेग पाच नॉट (ताशी सुमारे नऊ किलोमीटर) इकडेतिकडे झाला तरी बहुतेक वेळा सांभाळून घेतं. हलक्या विमानाचा स्वभाव दुहेरी. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या झडपा) पूर्ण सोडलेले असताना थोडं उंचावरच थ्रॉटल बंद केला तर वेग झपाट्याने पडतो आणि शेवटचे काही फूट विमान धपकन खाली येतं. फ्लॅप कमी आणि वेग पाच नॉट जास्त असेल तर उलटं होतं: गुळगुळीत कंपोझिट (तंतू आणि राळेच्या) अंगामुळे ते धावपट्टीवर तरंगत राहतं, उतरायचं नावच घेत नाही. इंजिन बंद पडलं तर सेसना १७२ एक हजार फूट उंचीत साधारण नऊ हजार फूट पुढे जातं. व्हायरस पंधरा हजारांच्या पुढे जातं. आणीबाणीत हे वरदान आहे, पण रोजच्या सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या सरावाच्या फेऱ्यांमध्ये, विद्यार्थ्याचा घाम काढणारं.

आणखी एक खोड सीटीएलएससारख्या विमानात दिसते. सेसनाचं लांब नाक डोळ्यांसमोर असतं, त्यावरून विमान सरळ आहे की वाकडं ते कळतं. इथे नाक आखूड, खाली उतरत गेलेलं आणि गोलसर. डाव्या आसनावरून त्याचा मध्य चुकतो आणि चाकं तिरकी टेकतात. नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाला लावून पायांनी रडर (शेपटीचं सुकाणू) जिवंत ठेवणं हाच उपाय. सेसनावर आळशी पाय खपून जातात, हलक्या विमानावर अजिबात नाही. माझ्या मते हलक्या विमानावर शिकण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

पहिल्या एकट्याच्या उड्डाणाचंही गणित करून बघा. ८० किलोचे प्रशिक्षक उतरले की ६०० किलोच्या विमानाचं तेरा टक्के वजन गेलं, १७२ एसचं फक्त सात. हलकं विमान लवकर उडतं, भराभर चढतं आणि उतरताना जास्त तरंगतं. प्रशिक्षकांनी हे आधी बजावलं नसेल तर विद्यार्थी गोंधळतो.

आता आपल्याकडची हवा. छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की तिथली हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. तेव्हा काट्यावर ६० नॉट दिसत असले तरी चाकं टेकताना खरा वेग ६५ च्या आसपास असतो, धाव लांबते, इंजिनही दमतं. हे दोन्ही विमानांना लागू. पण दुपारचे उष्ण झोत हलक्या विमानाला जास्त छळतात. नांगरून उघड्या पडलेल्या काळ्या रानावर विमान वर फेकलं जातं आणि पुढे उसाचा हिरवा फड आला की खाली बसतं. त्यात वावटळ! पन्नास-पंचावन्न नॉटच्या अप्रोचला (उतरण्याआधीच्या शेवटच्या टप्प्याला) आठ नॉटचा झोत म्हणजे वेगाच्या पंधरा टक्के. उन्हाळ्यात हलक्या विमानाचं प्रशिक्षण सकाळी नऊच्या आत उरकायला हवं. शाळा तसं वेळापत्रक देत नसेल तर तिथे सेसनाच बरं. पावसाळी पश्चिमेचा वारा चिकलठाण्याच्या पूर्व-पश्चिम धावपट्टीवर बऱ्याचदा समोरूनच येतो. आडवा वारा शिकायला मात्र दुसरीकडे जावं लागेल.

खर्चाचं थोडक्यात: हलक्या विमानातलं रोटॅक्स ९१२ इंजिन तासाला १५ ते २० लिटर पितं, सेसना १७२ एस साधारण त्याच्या दुप्पट. रोटॅक्स साध्या पेट्रोलवरही चालतं.

व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास लागतात. त्यात कोणत्या विमानावरचे किती तास धरले जातील, हे पैसे भरण्याआधी शाळेकडून लेखी घ्या. हौसेने उडायचं असेल, हिवाळ्यातल्या सकाळी मोकळ्या असतील आणि प्रशिक्षक त्या विमानावर मुरलेला असेल, तर मी हलकंच घ्यायला सांगेन. सुट्टीपुरता वेळ काढून एप्रिल-मे मध्ये तास भरायचे असतील तर सेसना.

दोन्ही परवडत असतील तर आधी हलकं, नंतर सेसना. उलट क्रमाने गेलात तर सेसनावरचे तास बाजूला ठेवा आणि हलक्या विमानावर पहिली काही उतरणं त्याच विमानाच्या प्रशिक्षकाला शेजारी बसवूनच करा.