मुलांना आधी कोण सांगावा: सॉक्रेटीस की थेलीस?

लहान मुलांना ग्रीक तत्त्वज्ञ सांगायचे म्हटलं की बहुतेक जण सॉक्रेटीसपासून सुरुवात करतात. मीही केली होती. अथेन्सच्या बाजारात लोकांना थांबवून ‘धैर्य म्हणजे काय?’ असं विचारणारा माणूस मुलांना लगेच आवडतो. त्याचा शिष्य प्लेटो याच्या ‘मेनो’ या संवादातला, चौरसाचं क्षेत्रफळ दुप्पट करायचा प्रसंग कागद-पट्टी घेऊन बसलं की छान रंगतो. विषाच्या प्याल्याचं कसं सांगायचं, अशी धास्ती होती. पण ते माझ्या मुलीने शांतपणे ऐकलं.

अडचण निराळीच निघाली. सॉक्रेटीसच्या संवादांत उत्तर देणारा बहुधा हरतो, आणि घरी ती जागा मुलाच्या वाट्याला येते. मुलगी तेव्हा सात वर्षांची. चार-पाच दिवसांतच ती प्रश्नाचा विचार सोडून माझ्या चेहऱ्याकडे बघू लागली. बरोबर की चूक, तिथे दिसतंय का ते शोधत. एकदा म्हणालीच, “बाबा, तुला माहितीये ना? मग मला कशाला विचारतोस?” शाळेत दिवसभर तेच चालतं. घरी पुन्हा तेच नको, असं मला फार वाटलं.

म्हणून मिलेटस या जुन्या ग्रीक शहरातल्या, सॉक्रेटीसच्या आधीच्या तत्त्वज्ञांकडे वळलो. थेलीसची विहिरीत पडल्याची गोष्ट आहेच, पण खरी मजा पुढे आहे. तो म्हणे, पृथ्वी पाण्यावर लाकडासारखी तरंगते. “मग पाणी कशावर?” त्याच गावचा अनॅक्झिमँडर सांगतो, पृथ्वी कशावरच टेकलेली नाही, सगळीकडून सारख्या अंतरावर आहे, म्हणून जागची हलत नाही. हे इ.स.पू. ६व्या शतकातलं! तिसरा अनॅक्झिमिनीस. त्याच्या मते सगळं हवेपासून झालं. तळहातावर तोंड उघडून ‘हाऽ’ केलं की गरम लागतं, ओठ आवळून फुंकर मारली की गार; म्हणजे दाबलेली हवा थंड, सैल हवा गरम. आम्ही दोघांनी कितीतरी वेळ हा-फू केलं. आठवड्याभराने ती सायकलला हवा भरून आली. “बाबा, तो चुकला. हवा दाबली तर पंप गरम होतो!” या वेळी माझा चेहरा वाचायची तिला गरज पडली नाही.

या मंडळींकडे न्याय, मैत्री असले विषय फारसे मिळत नाहीत, हे कबूल. मूल दहाच्या आसपास असेल आणि त्याला वाद घालायची हौस असेल, तर कदाचित सॉक्रेटीसच आधी बरा. आम्ही दोन वर्षांनी त्याच्याकडे परत गेलो, चौरसापासून.