निबंध घरच्या धर्मावर की दुसऱ्याच्या?

समजा, वारकरी घरातल्या मुलीला धर्मावर प्रकल्प-निबंध लिहायचाय. विषय दोन : पंढरीची वारी किंवा नागपूरची दीक्षाभूमी, जिथे डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

वारी सोपी वाटते. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ, हरिपाठ तोंडपाठ. पण गोची इथेच आहे. 'ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली' असं सहज लिहून जातं. निबंधात ते 'भिंत चालवली अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे' असं हवं. त्यानं श्रद्धेचा अपमान होत नाही, हे आजीला पटवणं वेगळं काम! शिवाय नकोसं ते गाळायचा मोह होतो. विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषण करावं लागलं, हे वारीच्या निबंधातून हमखास निसटतं. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे स्वतः वारीत चालल्या, तरी दिंडीतल्या जातवार पंक्ती त्यांनी नोंदवल्याच.

दीक्षाभूमीवर लिहिताना उलटं. आपल्याला माहीत नाही हे माहीत असतं, म्हणून आपण विचारतो. दीक्षेची तारीख 14 ऑक्टोबर 1956, तेव्हाच्या बावीस प्रतिज्ञा, हे कुठेही मिळेल. धोका शब्दांत आहे. 'हे लोक', 'त्यांच्यात असं असतं' लिहिलं की संपलं. नुसतं 'धर्मांतर' लिहू नका, 'धम्मदीक्षा' हा बौद्धांचा स्वतःचा शब्दही वापरा.

पहिल्याच निबंधाला मी दीक्षाभूमी सुचवेन. मसुदा मात्र एखाद्या बौद्ध मैत्रिणीला वाचायला द्या आणि ती कुठे थबकते ते बघा.