कारखान्यातलं डायकास्ट की हाताने जोडलेलं किट?

रणगाड्याचं किंवा लढाऊ विमानाचं छोटं तयार मॉडेल विकत घ्यायचं तर दोन वाटा: कारखान्यातून रंगून आलेलं डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूचं मॉडेल, नाहीतर सुटे भाग कुणीतरी हाताने जोडून रंगवलेलं प्लास्टिक किट.

डायकास्टचा भाव काढणं सोपं. तेच मॉडेल, तीच आवृत्ती आधी कितीला गेली ते बघायचं. मर्यादित आवृत्ती असेल तर उत्तम, पण खरा जीव खोक्यात. खोका हरवला की भाव घसरतो. आतला फोमचा साचासुद्धा गिऱ्हाईक विचारतं. कंपनीने तेच मॉडेल पुन्हा काढलं, की जुन्याचा तोराही उतरतो. आणखी एक दुखणं: जुन्या जस्ताच्या ओतकामात शिशाची भेसळ असेल तर धातूला आतूनच तडे जातात.

हाताने बनवलेल्याचं गणित वेगळंच. १:३५ चा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढा, टायगर हा दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा घ्या. सुट्या कड्यांचे पट्टे, झिमेरिटचा (चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून लावायचे तो) खरबरीत लेप, वर वाळलेला चिखल... शंभर तास सहज जातात आणि किमतीत क्वचितच वसूल होतात. (बनवणाऱ्याला हे पटत नाही; मलाही वेळ लागला.) फोटोत सांध्याची रेघ किंवा डिकॅलखाली (चिकटवलेल्या चिन्हांखाली) चंदेरी चमक दिसली, की घासाघीस सुरू. पाठवताना अँटेना मोडते ती वेगळीच. न उघडलेलं किट तर कधीकधी जोडलेल्यापेक्षा महाग जातं!

पुढे विकायचं असेल तर मी डायकास्ट घेईन, खोक्यासकट. माझ्या कपाटात मात्र तो चिखलाने माखलेला टायगरच हवा.