हस्तलिखित मराठी वाचणारी मोफत सॉफ्टवेअरे : कोणते कशासाठी?

आजोबांच्या रोजनिशा, वाचनालयाची जुनी आवक-जावक वही, परीक्षेच्या गुणांचे तक्ते किंवा माळ्यावर सापडलेले मोडी कागदांचे बासन यांपैकी काहीतरी पुढे ठेवून ‘हे संगणकाकडून वाचून घेता येईल का, आणि तेही विनामूल्य?’ असा प्रश्न अनेक जण विचारतात. न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे नमुने पाहून शिकणाऱ्या आज्ञावलीवर, चालणारी अशी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरे आज पुष्कळ आहेत आणि त्यांतली काही खरोखर उत्तम आहेत. मात्र त्यांची निवड अचूकतेच्या जाहीर टक्केवारीवरून केली, तर हमखास फसगत होते. निवडीचा खरा निकष निराळा आहे. आपले लेखन सुट्या चौकटींत एकेक अक्षर असे आहे की सलग ओळींत, ते एकाच हाताचे आहे की अनेकांचे, आणि त्याच्या एकूण ओळी किती, या तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात.

सुट्या चौकटींचे काम सर्वांत सोपे. यान लकून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मांडलेले ‘लेनेट-५’ हे नेटवर्क सुमारे ६०,००० मापदंडांचे (शिकताना बदलत जाणाऱ्या आतल्या आकड्यांचे), म्हणजे आजच्या मानाने अगदी चिमुकले होते. तरीही ते हस्तलिखित इंग्रजी अंक उत्तम ओळखत असे. ‘एम्निस्ट’ या संचात प्रशिक्षणासाठी ६०,००० आणि चाचणीसाठी १०,००० अंकचित्रे आहेत, प्रत्येक चित्र २८ गुणिले २८ ठिपक्यांचे. केरास किंवा पायटॉर्च या नेटवर्क बांधण्याच्या मोफत साधनांपैकी काहीही वापरून या संचावर ९९ टक्क्यांच्या आसपासचे नेटवर्क साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत शिकवता येते. दोहोंपैकी निवड करायची झाल्यास, प्रोग्रॅमिंगची तोंडओळख एवढीच शिदोरी असणाऱ्याने केरास घ्यावे आणि पुढे ओळी वाचण्यापर्यंत मजल मारायची असेल त्याने पायटॉर्च घ्यावे, कारण पुढे येणारी काही महत्त्वाची साधने त्यावरच बांधलेली आहेत.

या ९९ टक्क्यांचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा. दर अंकामागे ९९ टक्के अचूकता असेल, तर तीन अंकी गुण पूर्णपणे बरोबर वाचले जाण्याचे प्रमाण सुमारे ९७ टक्के होते, आणि दहा अंकी दूरध्वनी क्रमांकाच्या बाबतीत ते ९० टक्क्यांवर येते. दर दहा क्रमांकांत एक चुकीचा निघणे कोणत्याही कार्यालयाला परवडणारे नाही. म्हणून चौकटींतील अंकांसाठी स्वतःचे छोटे नेटवर्क करणे योग्यच आहे. परंतु ज्या उत्तराबद्दल नेटवर्कला स्वतःलाच खात्री नाही, ते बाजूला काढून माणसाकडे देण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवली पाहिजे.

देवनागरी अक्षरांसाठी असाच एक विनामूल्य संच उपलब्ध आहे. तो नेपाळमध्ये तयार होऊन २०१५ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात ४६ वर्गांची प्रत्येकी २,००० अशी ९२,००० चित्रे आहेत. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत तो वारंवार दिसतो. मराठी माणसाने तो वापरण्यापूर्वी ४६ ही संख्या उकलून पाहावी : दहा अंक आणि छत्तीस व्यंजने, म्हणजे ‘क’ ते ‘ह’ ही तेहेतीस आणि त्यांच्या जोडीला क्ष, त्र, ज्ञ. यात स्वर नाहीत, काना-मात्रा-वेलांटी नाही आणि ‘ळ’ तर मुळीच नाही. ज्या नेटवर्कला ‘ळ’ हे अक्षर असते हेच ठाऊक नाही, ते ‘काळजी’, ‘बाळ’, ‘कोल्हापूर जवळ’ हे कसे वाचणार? शिवाय मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी-नेपाळी वळणाहून वेगळे असतात, आणि नेपाळी ५ व ८ यांची रूपेही आपल्याहून काहीशी निराळी असतात. शिकण्यासाठी हा संच चांगला आहे, पण मराठी कागदपत्रांवर त्याच्या भरवशावर विसंबू नये.

याहून मोठी अडचण लिपीच्या स्वभावातच आहे. देवनागरीत शिरोरेखा अक्षरांना एकत्र बांधते, वेलांटी-उकार वर-खाली जातात आणि जोडाक्षरे आपापली रूपे घेतात. त्यामुळे ‘आधी अक्षरे सुटी करा, मग ओळखा’ ही पद्धत सलग लेखनाला लागू पडत नाही. ज्याचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्याच्या बाबतीत तर कुठे कापावे हे माणसालाही सांगता येत नाही. म्हणून रोजनिशी किंवा पत्रे वाचायची असतील, तर संपूर्ण ओळ एकदम वाचणारे सॉफ्टवेअरच घ्यावे लागते.

येथे पहिले नाव सुचते ते टेसरॅक्ट. ह्यूलेट-पॅकार्डने १९८५ ते १९९४ या काळात विकसित केलेले हे सॉफ्टवेअर २००५ साली मुक्त झाले, पुढे गूगलने ते सांभाळले आणि २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात न्यूरल नेटवर्कवर आधारित ओळवाचन आले. त्याची मराठी भाषाफाईल तयार मिळते, ते विंडोजवरही सहज बसते आणि स्वच्छ छापील मराठी ते समाधानकारक वाचते. परंतु ते छापील टंकांवर पोसलेले आहे. हस्ताक्षर पुढे केल्यास ते काहीतरी उत्तर देते खरे, पण ते उत्तर दुरुस्त करण्यापेक्षा मजकूर नव्याने टंकलिखित करणे लवकर होते. स्वतःच्या ओळी देऊन त्याला शिकवता येते, तथापि तेवढे कष्ट घ्यायचेच असतील तर ते पुढे येणाऱ्या क्राकेनवर घेणे अधिक फायद्याचे आहे. ईझीओसीआर आणि पॅडलओसीआर यांच्या यादीतही मराठी आहे. दुकानांच्या पाट्या, पावत्या, छायाचित्रांतील छापील मजकूर यांसाठी ती जरूर पाहावीत, हस्तलिखितासाठी नव्हे.

माझ्या मते सलग हस्तलिखितासाठी आज सर्वांत योग्य जोडी म्हणजे क्राकेन आणि त्यावरचा ईस्क्रिप्टोरियम हा ब्राउझरमध्ये चालणारा पडदा. दोन्ही पॅरिसमधील संशोधकांच्या परिसरात वाढली, दोन्ही मुक्तस्रोत आहेत, आणि दोन्हींची घडण लॅटिनेतर लिप्या व हस्तलिखिते डोळ्यांपुढे ठेवून झालेली आहे. याचा प्रत्यय एका लहानशा सोयीत येतो. लॅटिन अक्षरे खालच्या रेषेवर उभी असतात, देवनागरी अक्षरे मात्र वरच्या रेषेला लटकतात. क्राकेनला ओळी शोधायला शिकवताना ही रेषा वरची आहे असे सांगण्याचा पर्याय आहे. आपली लिपी गृहीत धरणारे साधन किती विरळ असते, हे ज्याने इतर सॉफ्टवेअरांशी झुंज दिली आहे त्यालाच कळेल.

क्राकेन अक्षरे कापत नाही. ते ओळीच्या चित्रावरून डावीकडून उजवीकडे सरकत प्रत्येक उभ्या पट्टीसाठी एखादे अक्षरचिन्ह किंवा ‘काही नाही’ असा अंदाज करते आणि नंतर लागोपाठ आलेली तीच ती चिन्हे एकत्र मिटवते. शिकवताना फक्त ओळीचे चित्र आणि तिचा मजकूर दिला की पुरते. कोणते अक्षर नेमके कुठे आहे हे दाखवावे लागत नाही. देवनागरीत येथे एक गंमत होते : ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, ती ‘क’च्या नंतर साठवली जाते, तर रफार डोळ्यांना नंतर दिसतो आणि साठवणीत आधी येतो. नेटवर्क ओळ दोन्ही दिशांनी पाहत असल्यामुळे हा उलटसुलट क्रम ते शिकते, मात्र त्यासाठी पुरेसे नमुने मिळाले पाहिजेत.

त्याहून काळजीची बाब आपल्याच हातात असते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हा भेद मराठीला हवाच. पण ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे टंकता येतो, आणि दोन कळफलकांवर दोन माणसांनी केलेले टंकलेखन दिसायला सारखे असूनही संगणकाच्या लेखी वेगळे ठरते. प्रशिक्षणाच्या मजकुरात अशी सरमिसळ राहिली, तर नेटवर्क एकाच आकाराला दोन नावे ठेवू लागते आणि चुकांचा दर उगाच वाढतो. क्राकेनमध्ये मजकूर एकसारखा करून घेण्याचा पर्याय आहे, तरी कोणता प्रकार वापरायचा हे काम सुरू होण्यापूर्वी सर्वांनी मिळून ठरवणे श्रेयस्कर.

क्राकेनची उणी बाजूही सांगितली पाहिजे. ते लिनक्स आणि मॅक यांच्यासाठी आहे. विंडोजवर ते चालवायचे तर विंडोजमध्येच लिनक्स बसवावे लागते. ईस्क्रिप्टोरियम स्वतःच्या यंत्रावर उभे करणे हे ज्याला काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिण्याची सवय नाही त्याचे काम नव्हे. ग्राफिक कार्ड नसेल तर वाचन चालते, प्रशिक्षणाला मात्र बराच वेळ लागतो.

एवढी खटपट नको म्हणणाऱ्यांना ट्रान्सक्रिबस आकर्षक वाटेल. युरोपीय संघाच्या निधीतील प्रकल्पातून इन्सब्रुक विद्यापीठात ते वाढले आणि आता एक सहकारी संस्था ते चालवते. वापरायला ते या सर्वांत सोपे आहे. पण फुकट मिळणारे वाचन मर्यादित आहे, कागद त्यांच्या सर्व्हरवर चढवावे लागतात आणि तिथे शिकवलेले मॉडेल (शिकून तयार झालेले नेटवर्क) आपल्या संगणकावर उतरवून घेता येत नाही. घरातील खासगी पत्रे किंवा जमिनीचे कागद यांच्या बाबतीत हा मुद्दा गौण नाही.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेले टीआरओसीआर वेगळ्या जातीचे आहे. एक भाग चित्र पाहतो आणि दुसरा भाषा जाणणारा भाग मजकूर लिहीत जातो. मधल्या आकाराच्या मॉडेलमध्येच सुमारे ३३ कोटी मापदंड आहेत. इंग्रजी हस्ताक्षरावर त्याची कामगिरी फार चांगली आहे. मराठीसाठी त्याचा भाषेचा भाग बदलून मोठ्या संचावर पुन्हा शिकवावे लागते. हैदराबादच्या ट्रिपल आयटी या शिक्षणसंस्थेने भारतीय लिप्यांतील हस्तलिखित शब्दांचे मोठे संच उपलब्ध करून दिले आहेत, त्यांत देवनागरीही आहे. पण ते सुटे शब्द आहेत, आणि देवनागरीतील शब्द हिंदीचे. माझा आक्षेप मात्र याहून मूलभूत आहे. क्राकेन चुकते तेव्हा ‘विठठल्र’ असे काहीतरी लिहून चूक उघडी पाडते. भाषा जाणणारे मॉडेल चुकते तेव्हा तिथे दुसराच, पण अगदी शुद्ध आणि शोभणारा शब्द बसवते. कादंबरीच्या हस्तलिखितात हे कदाचित खपेल, परंतु नावे, रकमा आणि तारखा असलेल्या दस्तऐवजात ही सफाईच घातक ठरते.

निर्णय घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन ओळी मोजाव्यात. दोनशे पानांची, पानाला वीस ओळींची रोजनिशी म्हणजे ४,००० ओळी. त्यांतल्या ५०० ओळी आपण स्वतः टंकून क्राकेनला शिकवल्या, तर आठवा हिस्सा कष्ट आपले आणि उरलेल्या ३,५०० ओळींचा पहिला मसुदा यंत्राचा. चाळीस अक्षरांच्या ओळीत पाच टक्के चुका राहिल्या, तरी ओळीमागे दोन दुरुस्त्या कराव्या लागतील, आणि त्या करणे टंकण्यापेक्षा निश्चित सोपे आहे. याउलट तीस पानांची वही असेल, तर तिच्या सहाशे ओळींपैकी पाचशे शिकवण्यातच जातील. अशा वेळी सॉफ्टवेअरच्या नादी न लागता चार रविवार बसून टंकून काढावे. आणि चार हजार ओळी चाळीस वेगवेगळ्या माणसांच्या असतील, तर नमुने सर्व हातांचे घ्यावे लागतात आणि हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

मोडीचे कागद असतील, तर हाच हिशेब अधिक कठोरपणे लागू होतो. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली हात फारसा न उचलता लिहिलेले असते, दोन शब्दांत अंतर ठेवलेले नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. या लिपीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. तरीही वाचनाचे फलित मोडीत न ठेवता देवनागरीत घेणे मला अधिक सोयीचे वाटते, कारण ते तपासू शकणारी माणसे जास्त आहेत. फक्त प्रशिक्षणासाठी ओळी टंकताना कागदावर आहे तेच अक्षरशः लिहावे. तिथे ‘सीवाजी’ असेल तर ‘शिवाजी’ करू नये आणि शब्द तोडण्याचे व शुद्धलेखनाचे काम नंतरच्या वेगळ्या प्रतीवर करावे, नाहीतर नेटवर्क कागद वाचण्याऐवजी आपल्या दुरुस्त्या पाठ करू लागते.