रुंद मापाचे सायकलिंग बूट आणि मेटाटार्सल पॅड : उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

लांबच्या राइडमध्ये ज्यांच्या चवड्याची आग होते, बोटं बधिर होतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. उन्हाळ्यात रुंद मापाचे एसपीडी बूट (सोलखाली क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारा धातूचा छोटा तुकडा, बसवता येणारे) घेतले, काही आठवड्यांनी आत मेटाटार्सल पॅड, म्हणजे चवड्यामागे आधार देणारी छोटी फुगीर गादी, चिकटवला, आणि पावसाळा काढून दिवाळी आली तरी तेच वापरतोय. सिंहगड, खंबाटकी ओलांडून वाई आणि पुढे पसरणी घाट, २०० आणि ३०० किलोमीटरच्या बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड), सगळं याच जोडीवर झालं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. माझ्या पायाला बसलेला बूट तुमच्या पायाला बसेलच असं नाही, आणि इथे नावापेक्षा रुंदी बघायची असते.

आधी दुखणं नेमकं कशामुळे होतं ते सांगतो, कारण त्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. बोटांच्या मुळाशी चवड्यात पाच हाडांची टोकं असतात आणि त्यांच्या मधून बोटांकडे नसा जातात. पेडल दाबताना सगळा जोर याच जागी येतो. उन्हात तासन्‌तास सायकल चालवली की पाय सुजतो, बूट मात्र तेवढाच राहतो. दोन्ही बाजूंनी दाब आला की हाडं एकमेकांकडे सरकतात आणि मधली नस चिमटली जाते. म्हणून आधी मुंग्या, मग आग, मग बधिरपणा. अशा वेळी जाड, मऊ इनसोल घातली तर बुटातली उरलीसुरली जागाही जाते. कार्बन सोल म्हणजे पायाला आराम, असंही दुकानात सांगतात. सोल कडक असला की बूट वाकत नाही, हे खरंच. पण आतला आकार पायाशी जुळत नसेल तर तोच कडकपणा हाडांच्या टोकांखाली बोचतो.

माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय दिवसातला सगळ्यात मोठा असतो. बुटातली इनसोल बाहेर काढून तिच्यावर उभं राहा. करंगळीची बाजू इनसोलच्या बाहेर येत असेल तर तो बूट अरुंद आहे, मग लांबीचा नंबर कितीही बरोबर असो. लांबीचा नंबर वाढवून रुंदी मिळवायला जाल, तर टाच उचलली जाते आणि क्लीटची जागा चुकते. आपल्याकडे अनवाणी आणि चपलेत वाढलेले पसरट चवडे खूप दिसतात, पण दुकानात रुंद माप मागितलं की बहुतेक वेळा मागवावं लागतं. थांबावं लागलं तरी थांबा.

सर्वांत जास्त फरक क्लीट मागे घेतल्याने पडला, आणि त्याला पैसे लागत नाहीत. अंगठ्याच्या मुळाचं हाड आणि करंगळीच्या मुळाचं हाड बाहेरून चाचपून बुटावर पेनने खुणा करा. पेडलचा आस या दोन खुणांच्या मधोमध यायला हवा. चवडा जळत असेल तर आणखी काही मिलिमीटर टाचेकडे. जोर मग चवड्याच्या टोकावरून पायाच्या मधल्या भागाकडे सरकतो, पोटरीवरचा ताणही कमी होतो. क्लीट मागे गेली की सीट किंचित खाली घ्यावी लागते, नाहीतर पाय ताणून पेडल मारलं जातं. सीट उंच असली की बोटं खाली रोखली जातात आणि पुन्हा चवड्यावरच भार. एका वेळी एकच बदल करा आणि मधे दोन-तीन राइड जाऊ द्या.

पॅडबद्दल लोक हमखास गोंधळतात. तो दुखऱ्या जागेखाली लावायचा नसतो, तिच्या मागे, टाचेच्या बाजूला लावायचा असतो. तिथून वर उचलल्यामुळे हाडं थोडी फाकतात आणि नसेला जागा होते. मी हाडांच्या टोकांना लिपस्टिक लावून इनसोलवर उभा राहिलो, ठसे उमटले, त्यांच्या मागे पॅड चिकटवला. पहिले काही दिवस बुटात खडा असल्यासारखं वाटतं. बरोबर बसलेला पॅड नंतर जाणवत नाही. आठवड्यानंतरही बोचत असेल तर जागा चुकली आहे.

तक्रारी आहेतच. पावसाळ्यात हे बूट भिजले की दोन दिवस वाळत नाहीत; वर्तमानपत्राचे बोळे भरून, बोळे बदलत वाळवावे लागले. पॅडचा गोंद ओलाव्याने सुटला, दुसरा लावला. क्लीटच्या स्क्रूला ग्रीस लावलं नाही तर चिखलपाण्याने ते गंजून अडकतात. टाच जरा सैल वाटते, पण वरचा पट्टा घट्ट केला की निभतं. पुढचा पट्टा मात्र सैलच ठेवतो आणि चहाच्या टपरीवर थांबलो की तो पूर्ण उघडतो. क्लीट सोलच्या खोबणीत असल्याने टपरीवर, घाटात चालताना घसरत नाही. बीआरएमवाल्यांना ही सोय फार मोलाची.

घाटात गिअरकडेही लक्ष द्या. जड गिअरवर रेटत चढलं की दर फेरीला चवड्यावर मोठा दाब येतो. हलका गिअर टाकून पाय भरभर फिरवले की तोच चढ चवड्याला झेपतो. पसरणीत हा फरक मला स्पष्ट जाणवला. ३०० च्या शेवटच्या टप्प्यात अजूनही थोडी आग होते. उतारावर बोटं हलवली, पट्टा सैल केला की ती जाते. पूर्वी उतरून, बूट काढून बसावं लागायचं.

सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाच दुखत असेल तर तो वेगळा आजार, त्याला हा पॅड नाही. त्यासाठी उठण्याआधी हाताने पायाची बोटं स्वतःकडे ओढून तळवा ताणणं आणि पायरीवर उभं राहून पोटरी ताणणं उपयोगी पडतं. सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा राहत असेल, तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्ये दाबल्यावर कळ येत असेल, तर नसेला गाठीसारखी सूज असू शकते. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असलेल्यांनी तर बधिरपणा बुटावर ढकलून घरी प्रयोग करूच नयेत, आधी तपासणी करून घ्यावी. आणि बूट नवे असोत वा जुने, क्लीट झिजली की बदला. झिजलेल्या क्लीटमध्ये पाय पेडलवर डुलतो आणि तो सावरायला बोटं आतल्या आत आवळली जातात.