रीमॅपच्या नावाखाली २८,५०० रुपयांची डबी

रक्कम आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल: टेम्पोच्या ‘रीमॅप’साठी, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवायला, २८,५०० रुपये. त्यातले ५,००० यूपीआयनं ॲडव्हान्स, उरलेले २३,५०० रोख. बदल्यात मिळालं काय, तर ॲक्सिलरेटरच्या पेडलवर वायरीच्या जोडात खुपसलेली, काळ्या टेपनं गुंडाळलेली काडेपेटीएवढी डबी. आणि एक रंगीत कागद. त्या कागदाबद्दल पुढे बोलूच.

माझा टेम्पो २०१८चा, बीएस-४, टर्बो, कॉमनरेल डिझेल. पावणेतीन लाख किलोमीटर झालेत. पुण्याहून टाइल्स भरून सातारा-कराडकडे जाणं हा रोजचा धंदा. गेल्या वर्षभरात गाडीची ओढ हळूहळू कमी होत गेली. खंबाटकीचा जो चढ भरल्या गाडीला तिसऱ्यात निघायचा, तो दुसऱ्यात यायला लागला आणि मागून हॉर्न सुरू. नवी गाडी म्हणजे पाच वर्षांचे हप्ते. अशा वेळी ‘जुन्या डिझेल गाडीला २५ टक्के जास्त ताकद, २० टक्के जास्त ॲव्हरेज, खास तुमच्या गाडीसाठी कस्टम ट्यून’ अशी जाहिरात समोर आली तर कोण वाचणार नाही? मी तर दोनदा वाचली. यात लाजण्यासारखं काही नाही असं मी घरी सांगतो. बायको काही बोलत नाही, नुसती बघते.

मी काही अगदीच नवखा नाही. नोझल उतरवून टेस्टिंगला नेणं, क्लच प्लेट बदलणं ही कामं मी स्वतः केली आहेत. रीमॅप म्हणजे ईसीयूतला, इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधला, आकड्यांचा नकाशा बदलणं, डिझेलचं प्रेशर, डिझेल किती वेळ सोडायचं, टर्बोचा बूस्ट म्हणजे हवेचा दाब हे सगळं थोडं वर नेणं, एवढं मला माहीत होतं. टर्बो डिझेलमध्ये कंपनी थोडी जागा राखून ठेवते आणि चांगला ट्यूनर ती वापरतो, हेही खरंच आहे. म्हणूनच मी गेलो. हवेतल्या गोष्टीवर विश्वास ठेवून गेलो नव्हतो.

जागा स्वच्छ होती. पोरगा गणवेशात, ‘दादा बसा, चहा घ्या’ वगैरे. त्यानं डॅशखालच्या सॉकेटला केबल लावली, लॅपटॉप उघडला आणि माझ्या गाडीचा चेसिस नंबर स्क्रीनवर आला. झालं, तिथंच मी ढिला पडलो. नंबर आला म्हणजे हा आत पोचला असं वाटलं. आता माहीत आहे की हजार-दीड हजाराचं स्कॅनरसुद्धा पुष्कळ गाड्यांचा तो नंबर दाखवतं. त्यात काही जादू नाही.

त्यानं बॅटरीला चार्जर लावला नाही. ईसीयूत फाइल लिहिताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू निकामी होऊ शकतो, म्हणून जाणता माणूस आधी बॅटरीला आधार देतो. यानं नुसती चावी ऑन ठेवली. स्क्रीनवर हिरवी पट्टी सरकत गेली, पूर्ण झाली. दरम्यान त्याचा दुसरा माणूस ड्रायव्हरच्या पायाशी वाकून काहीतरी करत होता. ‘मॅट सरळ करतोय,’ म्हणाला. मॅट!

मग तो कागद आला. रंगीत प्रिंट, वर माझ्या गाडीचा नंबर, खाली दोन रेघा: निळी ‘आधी’ची, लाल ‘नंतर’ची. लाल रेघ छान वर गेलेली.

मित्रांनो, माझी गाडी डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या मशीनवर, चढलीच नव्हती. त्या जागेत रोलर नव्हता. जॅक होता, कंप्रेसर होता, टायर रचलेले होते, रोलर नव्हता. मग ‘आधी’ची रेघ कुठून आली? रात्री झोप लागत नाही तेव्हा हाच प्रश्न डोक्यात फिरतो. आणि आडव्या अक्षावर आरपीएमचे आकडे ६५००पर्यंत! माझं डिझेल इंजिन ६५०० फिरलं तर कनेक्टिंग रॉड बाहेर येऊन रस्त्यावर पडेल. तो आलेख कुठल्या तरी पेट्रोल गाडीचा होता. मी तो आकडा पाहिला. वर विचारलंसुद्धा: ‘हे साडेसहा हजार कसं?’ तो हसून म्हणाला, ‘दादा, ते मशीनचं स्केल असतं.’ तेवढ्यात टाइल्सवाल्या शेठचा फोन आला, गाडी कधी लावतोस म्हणून ओरडत होता. मी कागद घडी करून खिशात घातला आणि नोटा मोजल्या. शेठचा फोन आला नसता तर मी आणखी दोन प्रश्न विचारले असते, याची मला खात्री आहे.

रोलरशिवाय ‘आधी-नंतर’चा आलेख कुणी हातात दिला तर तिथंच उठा. चहा सोडून उठा.

रिकाम्या गाडीनं चक्कर मारली तर गाडी खरंच उड्या मारत होती. पेडलला पाय लागला की झेप. मी खूश. बिल मागितलं तर ‘जीएसटी वेगळा लागेल दादा’ म्हणाला, आणि साध्या पावतीवर ‘वॉशिंग व जनरल सर्व्हिस’ लिहून दिलं. तेवढा जीएसटी वाचवायला गेलो आणि हातातला एकमेव पुरावा तिथंच गेला.

भरून खंबाटकीला गेलो. दुसरा गिअर. तोच दुसरा गिअर, तेच हॉर्न.

फोन केला. पहिलं उत्तर: ‘ईसीयू नवीन फाइल शिकतोय, ५०० किलोमीटर चालवा.’ चालवली. मग: ‘डिझेल कुठलं भरता?’ मग: ‘तुमच्या इंजिनातच दम नाही, स्टेज टू करावं लागेल, तुमच्यासाठी १२,०००.’ मी आवाज चढवला तेव्हा नंबर ब्लॉक. ॲव्हरेजचं विचाराल तर टाकी फुल ते टाकी फुल असं मोजलं: आधी १२.६ मिळत होतं, आता १२.१.

डबी सापडली ती आमच्या जुन्या मिस्त्रींना. वय सत्तरीच्या पुढे, लॅपटॉपला हात लावत नाहीत. त्यांनी गाडी चालवून पाहिली आणि विचारलं, ‘पेडल पूर्ण दाबल्यावर फरक आहे का रे?’ नव्हता. अर्धं दाबल्यावरच काय तो फरक. मग ते खाली वाकले, पेडलच्या सॉकेटपाशी हात घातला आणि टेपचा गोळा बाहेर काढला. पेडल अर्धं दाबलं की ही डबी ईसीयूला पाऊण दाबल्याचा सिग्नल देते, एवढंच तिचं काम. पूर्ण दाबलेलं पेडल पूर्णच असतं, त्याच्यापुढे डबीला सांगण्यासारखं काही उरत नाही. ताकद एका अश्वशक्तीनंही वाढत नाही, फक्त पायाला भास होतो. अशा डब्या उघडपणे विकल्याही जातात, त्यात गुन्हा नाही. पण तीच लपवून बसवायची आणि रीमॅप म्हणून पैसे घ्यायचे, याला काय म्हणायचं?

खात्री करायला १,२०० रुपये देऊन दुसरीकडे नीट स्कॅन केलं. ईसीयूतल्या सॉफ्टवेअरला एक ओळख क्रमांक असतो आणि त्याच्यासोबत पडताळणीची संख्या असते, तिला सीव्हीएन म्हणतात. नकाशात बदल झाला की ही संख्या बदलायला हवी. (पोचलेला ट्यूनर ती जुळवूनही ठेवतो, पण हा त्या लायकीचा नव्हता.) माझ्याकडे मागच्या वर्षीचा सर्व्हिसचा स्कॅन रिपोर्ट होता. दोन्ही संख्या तंतोतंत एक. म्हणजे ती हिरवी पट्टी नुसती चित्र होती. तुमची गाडी हे आकडे देत असेल तर काम करण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवा आणि नंतर त्याच्यासमोर पुन्हा वाचायला लावा. तोंड बघा त्याचं.

आता खरा दोष ऐका. टर्बोपासून इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा थंड करणारा) जाणारा रबरी होज खालच्या बाजूनं फाटला होता. बूस्ट तिथून फुस्स होत होता. ईजीआर, म्हणजे एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, काजळीनं बुजलेला. होज आणि मजुरी १,८५०, ईजीआर साफ करायचे ९००. एकूण २,७५० रुपयांत खंबाटकी पुन्हा तिसऱ्या गिअरवर आली. २,७५०! मी त्याच्या दहापट पैसे घालवून बसलो होतो.

तेव्हा जुन्या गाडीला ट्यून करायचं की नाही असं मला कुणी विचारलं तर मी उलट विचारतो: होज बघितलेस? नोझलचं लीक-बॅक, म्हणजे परत गळणारं डिझेल, तपासलंस? टर्बोच्या शाफ्टला खेळ किती? क्लच भरल्या गाडीत सरकतो का? कारण राखीव जागा नव्या इंजिनात असते, पावणेतीन लाख किलोमीटरनंतर ती झिजेनं खाऊन टाकलेली असते. खरा ट्यून केला तरी टॉर्क वाढला की आधी क्लच जातो, आणि डिझेल वाढलं की एक्झॉस्टची उष्णता टर्बोवर येते. ओळखीच्या एकानं खरी फाइल टाकून घेतली, गाडी पळायलाही लागली. पण फाइलमधली धूर आवरणारी सेटिंगच काढून टाकलेली, त्यामुळे पीयूसीला नापास. बीएस-४ डिझेलला पीयूसीत धुराच्या दाटपणाची मर्यादा १.६२ प्रति मीटर आहे, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. आणि गाडी त्याहून जुनी, मेकॅनिकल पंपाची असेल तर लिहायला आत कॉम्प्युटरच नाही. तिथं ‘रीमॅप’ म्हणणारा पंपाचा स्क्रू फिरवतो आणि तुम्ही काळा धूर विकत घेता. कुणी आधी गाडी न तपासता थेट केबल लावायला निघाला तर तो ट्यूनर नाहीच.

आता सरकारी दारं. हा भाग लिहिताना अजून हात थरथरतो, पण रागानं.

पोलीस ठाण्यात गेलो. अंमलदार म्हणाले, ‘तुम्ही राहता तिथं जा.’ घराजवळच्या ठाण्यात गेलो तर, ‘घटना तिकडे घडली ना, तिकडेच जा.’ कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, झिरो एफआयआर म्हणतात, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्येच ते आहे, हे सांगितल्यावर उत्तर आलं, ‘वकील आहात का?’ नाही, ड्रायव्हर आहे. ‘मग हे दिवाणी प्रकरण आहे.’ ज्या माणसानं डबी लपवून बसवली आणि खोटा आलेख छापून दिला, त्याचं दिवाणी प्रकरण! फसवणुकीचं कलम, भारतीय न्याय संहितेतलं ३१८, मग ठेवलंय कशाला?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला कारण ५,००० यूपीआयनं गेले होते. ते म्हणाले, तुम्ही समोर उभं राहून स्वतः पैसे दिलेत, हा ऑनलाइन गुन्हा नाही. बरं. ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रार क्रमांक मिळाला, समोरच्यानं उत्तर दिलं नाही, तक्रार बंद. मग जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, हे ऐकून बरं वाटलं होतं. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, ‘पिवळी पाटी म्हणजे व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहकच नाही.’ अहो, मालक मीच, ड्रायव्हर मीच, हमाल मीच. पोट भरायला स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू २०१९च्या कायद्यात व्यावसायिक हेतूत धरत नाहीत, स्पष्टीकरणात चक्क लिहिलंय. त्यांनी ते वाचलं, मान डोलावली आणि बिल मागितलं. ‘वॉशिंग व जनरल सर्व्हिस.’

कळस आरटीओत झाला. तिथं फक्त विचारायला गेलो की अशा जागांवर कारवाई कोण करतं. साहेबांनी कागद बाजूला सारला: ‘गाडीत बदल तुम्ही करून घेतलात ना? मग दंड मालकाला.’ मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, कलम १८२-अ, प्रत्येक बदलाला ५,००० रुपये. म्हणजे बदल झालाच नाही म्हणून रडणाऱ्यालाच बदल केला म्हणून दंड! मी गाडी न आणता बसनं गेलो होतो, हे नशीब. मात्र एक गोष्ट त्यांच्या बोलण्यातून घ्या: खरा रीमॅपसुद्धा विम्यापासून लपवलेला असेल तर क्लेमच्या वेळी तोच बदल तुमच्यावर उलटतो.

रोख देऊ नका. दिलेच तर पावतीवर ‘ईसीयू रीमॅप’ हे शब्द, गाडी नंबर, आणि मूळ फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर मागा. मूळ फाइल ज्यानं वाचलीच नाही तो ती देऊ शकत नाही. परीक्षा भरल्या गाडीनं, त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, पेडल पूर्ण दाबून घ्या. काम चालू असताना पायाशी कुणी वाकलं तर तुम्हीही वाका.

ठाण्यानं तक्रार घेतली नाही म्हणून पोलीस अधीक्षकांना त्याच कलम १७३च्या पोटकलम (४)खाली अर्ज स्पीड पोस्टनं पाठवला आहे, सोबत दोन्ही स्कॅन रिपोर्ट, डबीचे फोटो आणि तो आलेख. डबी मिस्त्रींच्या सहीच्या चिठ्ठीसह पिशवीत बंद करून ठेवली आहे. दरम्यान आणखी एक टेम्पोवाला भेटला, त्याच जागी २६,००० घालवलेला. त्याचा कागद माझ्या कागदावर ठेवून उजेडात धरला: गाडी नंबर वेगळा, मॉडेल वेगळं, निळी आणि लाल रेघ तीच, ६५०० तेच. त्याचाही अर्ज आता जोडतोय. असा कागद आणखी कुणाकडे असेल तर फाडू नका, आणि पेडलचं सॉकेट उघडाल तेव्हा शेजारी दोन माणसं उभी करून व्हिडिओ काढा.